आहारशुद्धी आणि पाकीटबंद अन्न

गेल्या चातुर्मासात गीतेच्या सतराव्या अध्यायावरील प्रवचनांच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाचा मुक्काम इंदूर येथे एका सद्गृहस्थांच्या घरी होता. घरात तीन पिढ्या एकत्र नांदत होत्या. एके दिवशी माध्यान्ही आजीबाईंनी देवापुढे नैवेद्याचे ताट मांडले. वरण, भात, तूप, पोळी, घोसाळ्याची भाजी आणि वाटीभर खीर. तेवढ्यात त्यांचा आठ वर्षांचा नातू मसालेदार कुरकुरीत खाऊचे एक चकचकीत पाकीट घेऊन आला आणि त्यातील मूठभर खाऊ मोठ्या प्रेमाने ताटाच्या कडेला ठेवू लागला. आजींनी त्याचा हात धरला व म्हणाल्या, "नको रे बाळा, ते देवाला चालत नाही." मुलाने क्षणभर विचार केला आणि विचारले, "मग आजी, मला कसे चालते?"

आजी निरुत्तर झाल्या. "बुवा, आता तुम्हीच सांगा याला," असे म्हणून त्यांनी प्रस्तुत लेखकाकडे पाहिले. काहीतरी गोड बोलून त्याने वेळ निभावून नेली. परंतु खरे सांगावयाचे तर उत्तर त्याच्यापाशीही नव्हते. प्रवासात स्वयंपाकाची सोय नसते या सबबीवर त्याच्या स्वतःच्या पिशवीत त्या वेळी बिस्किटांचे दोन पुडे होते, आणि अशी सबब तो कित्येक वर्षे स्वतःस सांगत आला होता. सायंकाळी आहारावरच बोलावयाचे होते. त्या बालकाच्या प्रश्नाने प्रथम प्रवचनकाराचीच परीक्षा घेतली, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्या दिवशी देता न आलेले उत्तर होय.

श्रीभगवंतांनी सतराव्या अध्यायाच्या आठव्या, नवव्या व दहाव्या श्लोकांत आहाराचे त्रिविध स्वरूप सांगितले आहे. तेथे पदार्थांची यादी दिलेली नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. हे खा, ते खाऊ नका, अशी यादी देशकालाबरोबर जुनी होते. गुण आणि परिणाम मात्र जुने होत नाहीत. सात्त्विक आहार सांगताना भगवंत परिणाम आधी सांगतात. आयुष्य, चित्ताचे सत्त्व, बल, आरोग्य, सुख आणि प्रीती यांची वृद्धी करणारा तो सात्त्विक. आणि मग त्याचे रूप, म्हणजे रसयुक्त, स्निग्ध, शरीरात टिकून राहणारा, हृदयास रुचणारा. राजस आहार सांगताना हा क्रम उलटतो. तेथे आधी चव येते, कडू, आंबट, खारट, उष्ण, तिखट, रूक्ष, दाहक. आणि दुःख, शोक व रोग हे फळ शेवटी येते. राजस मनुष्याचा अनुभव याच क्रमाचा असतो. जीभ आधी, वैद्य मागाहून.

आद्य शंकराचार्यांनी येथे एक सूक्ष्म गोष्ट दाखविली आहे. या श्लोकातील 'अति' हा शब्द एका उष्णाशीच जोडावयाचा नसून कडू, आंबट, खारट इत्यादी सर्वांशी जोडावयाचा आहे, असे ते भाष्यात सांगतात. अर्थात् मीठ दोषी नव्हे, तिखट दोषी नव्हे. अतिरेक दोषी आहे. लोणच्याची फोड खाणाऱ्यास कोणी राजस ठरवू नये.

तामस अन्नाच्या वर्णनात यातयाम, गतरस, दुर्गंधित, शिळे, उष्टे आणि अपवित्र असे शब्द येतात. त्यांतील 'गतरस' या एका शब्दापाशी आज थांबणे अवश्य आहे. मात्र गीतेत कारखान्याच्या पाकिटाचा उल्लेख शोधणे हा पोरकटपणा होईल. तसला खटाटोप आम्हास करावयाचा नाही. भगवंतांनी दिलेली कसोटी हाती घ्यावी आणि आजची वस्तू तिच्यावर घासून पाहावी, एवढेच कर्तव्य आहे.

ही वस्तू आहे तरी काय? ब्राझील देशातील साओ पाउलो विद्यापीठाचे प्राध्यापक कार्लोस मोंतेइरो यांनी २००९ मध्ये अन्नाचे वर्गीकरण एका नव्या दृष्टीने मांडले. अन्नात स्निग्धांश किती, साखर किती, एवढेच न विचारता, त्या अन्नावर कोणते संस्कार झाले आणि कशासाठी झाले, हे त्यांनी विचारले. धान्य, भाजी, फळे, दूध, डाळी हा पहिला वर्ग. तेल, तूप, मीठ, साखर, गूळ ही स्वयंपाकाची साधने हा दुसरा. मीठ, साखर वा तेल घालून साध्या रीतीने टिकविलेले पदार्थ हा तिसरा. चौथा वर्ग अतिप्रक्रियायुक्त अन्नाचा, आणि आपला प्रश्न या चौथ्याचा आहे.

मक्याचे कणीस घ्या. आपल्या घरी ते भाजतात, उकडतात किंवा दळून त्याची भाकरी करतात; काहीही केले तरी मका मकाच राहतो. कारखान्यात त्यातील पिष्ट वेगळे काढतात, त्या पिष्टाचा रासायनिक क्रियेने पाक करतात किंवा पांढरी भुकटी करतात. दुसरीकडे सोयाबीनमधून प्रथिन काढतात, ताडफळातून तेल काढून ते शुद्ध, निर्गंध व निःसत्त्व करतात. मग हे निरनिराळे अंश पुन्हा एकत्र करून, त्यांस साच्यातून दाबून आकार देतात. आणि त्यांचा स्वतःचा रंग, वास व चव नाहीशी झालेली असल्यामुळे रंग, सुगंध, मिश्रण एकजीव ठेवणारी द्रव्ये आणि चव उठवणारी लवणे वरून चढवितात. ज्याचा स्वतःचा रस गेला आणि ज्याला उसना रस चढवला, त्यास गतरस म्हणू नये तर काय म्हणावे? त्यावर साखर, मीठ व तेल यांचा 'अति' आहेच. म्हणजे जिभेला राजस आणि सत्त्वाच्या दृष्टीने तामस, असे हे दुहेरी अन्न आहे.

जिभेला सर्वाधिक वश करणारी गोडीची नेमकी मात्रा कोणती, हे लोकांना चाखावयास देऊन प्रयोगाने ठरविण्याची एक विद्याच निर्माण झाली आहे. त्या मात्रेला इंग्रजीत 'ब्लिस पॉइंट' म्हणतात, म्हणजे आनंदबिंदू! उपनिषदांनी ज्या 'आनंद' शब्दाने परब्रह्माचा निर्देश केला, तो शब्द शेवटी सरबताच्या बाटलीत जाऊन पडला. असो.

आता परिणाम पाहू. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २० प्रौढ स्त्रीपुरुषांना चार आठवडे संस्थेतच ठेवून एक प्रयोग केला. प्रत्येकास दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त अन्न आणि दोन आठवडे साधे, ताजे शिजविलेले अन्न दिले. ताटात वाढलेल्या अन्नातील उष्मांक, साखर, स्निग्धांश, मीठ आणि तंतू दोन्ही वेळी जुळते ठेवले होते, आणि हवे तितके खाण्याची मोकळीक होती. पाकीटबंद अन्नाच्या पंधरवड्यात मंडळींनी दररोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खाल्ले व त्यांचे वजन सुमारे ०.९ किलो वाढले. साध्या अन्नाच्या पंधरवड्यात जवळजवळ तितकेच घटले. ते अन्न त्यांनी अधिक भरभर खाल्ले, हेही दिसून आले. म्हणजे, 'आम्ही पाकिटातले खाऊ, पण बेताने खाऊ' हा जो आपला भरवसा, तोच या अन्नापुढे प्रथम ढासळतो. सहाव्या अध्यायात भगवंतांनी योग्यासाठी जो युक्त आहार सांगितला, त्या युक्ततेवरच येथे घाला पडतो.

२०२४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सुमारे एक कोटी लोकांसंबंधीच्या आधीच्या अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. असे अन्न अधिक खाण्याचा ३२ अनिष्ट परिणामांशी संबंध त्यात आढळला; त्यांत हृद्रोगाने येणारा मृत्यू, मधुमेह व स्थूलता आहेत, तशीच मनाची चिंता, खिन्नता आणि झोपेचे बिघाडही आहेत. संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे विचारी वाचकाने विसरू नये. परंतु अन्नाचा मनाशी संबंध आहे हे छांदोग्य उपनिषदाने सांगितलेच आहे. त्याची चाहूल प्रयोगशाळेतही लागावी, याचे आम्हास नवल वाटत नाही.

आपल्या देशाची स्थिती अधिक काळजीची आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांस मधुमेह आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहारविषयक मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्यात देशातील रोगभाराचा ५६.४ टक्के भाग अयोग्य आहारामुळे असल्याचा अंदाज दिला आहे, मीठ दिवसास ५ ग्रॅमच्या आत ठेवण्यास सांगितले आहे आणि अतिप्रक्रियायुक्त अन्न टाळावे असे स्पष्ट म्हटले आहे. आणि दहा रुपयांचे पाकीट आता खेड्यातील किराणा दुकानापुढेही माळेसारखे टांगलेले असते. हे केवळ धनिकांचे व्यसन राहिलेले नाही. मजुराचे मूलही दुपारची भूक त्यावर भागवते, आणि त्या मुलाचे नुकसान अधिक, कारण त्याच्या ताटात दुसरे पौष्टिक असे फारसे नसते.

अठराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की विषय आणि इंद्रिये यांच्या संयोगाचे सुख प्रथम अमृतासारखे व परिणामी विषासारखे असते. तो श्लोक आपण भोगविलासाच्या मोठमोठ्या प्रसंगांना लावतो; चहाबरोबरच्या चार बिस्किटांना कधी लावत नाही. दुसऱ्या अध्यायात विषयाच्या चिंतनापासून आसक्ती आणि आसक्तीपासून कामना अशी जी साखळी सांगितली, तिची पहिली कडी आज घराघरातल्या पडद्यावर जाहिरातींच्या रूपाने जोडली जाते. मूल पदार्थ चाखण्यापूर्वीच त्याचे चिंतन करू लागलेले असते.

यावर कोणी म्हणेल, "महाराज, हे सर्व खरे, पण घरात दोघेही नोकरीला जातात. वेळ कोठे आहे?" ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर सूनबाईंवर सात्त्विकतेचे ओझे टाकून देणे उचित नव्हे. मुलाने घरचे खावे असे वाटत असेल तर बापाने शेंगा भाजाव्यात, आजोबांनी भाजी निवडावी, मुलाने लिंबू पिळावे. तिसऱ्या अध्यायात केवळ स्वतःसाठी अन्न शिजविण्याचा दोष सांगितला आहे. पण एकीने शिजवावे आणि इतरांनी केवळ खावे, हाही यज्ञ नव्हे. शिवाय सर्वच काही शिजवावे लागत नाही. भाजलेले चणे व गूळ, शेंगदाणे, लाह्या, केळे, ताक यांस किती वेळ लागतो? बिहारचा सत्तू, बंगालची मुडी, गुजरातचा खाकरा, तामिळनाडूची इडली, महाराष्ट्राचे थालीपीठ ही आपल्या पूर्वजांची झटपट अन्नेच होत.

पिशवीतले दूध, डाळी, पीठ किंवा दही पाकिटात आले म्हणून वर्ज्य होत नाही. येथे सोवळ्याचा प्रश्न नसून विवेकाचा आहे. पाकिटाच्या मागील बाजूस घटकांची नावे बारीक अक्षरांत छापलेली असतात, आणि ज्याचे वजन अधिक ते आधी लिहावे असा आपल्याकडे नियम आहे. साखर वा पामतेल पहिल्या तिनांत असेल तर पुढचे बाजूस 'पौष्टिक' हा शब्द कितीही मोठा असो, वस्तू काय आहे हे कळते. माल्टोडेक्स्ट्रिन, इन्व्हर्ट सिरप, ३२२, ४७१, ६२१ असे शब्द व आकडे दिसले की हे आपल्या स्वयंपाकघरात कधी नव्हते, एवढे ओळखावे. त्यांतील प्रत्येक द्रव्य विषारी आहे असे नव्हे. उदाहरणार्थ ३२२ म्हणजे लेसिथिन, बहुधा सोयाबीनमधून काढलेले. परंतु त्यांची उपस्थिती त्या अन्नाचे गोत्र सांगते. दुधात घालावयाच्या गोड भुकट्यांविषयी तर २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारनेच ऑनलाइन विक्रेत्यांस सांगितले की अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली ठेवू नयेत.

एक गोष्ट सांगताना मात्र संकोच होतो. एकादशीच्या दिवशी आपल्या घरी जे येते ते पाहावे. 'फराळी' असा शिक्का असलेले बटाट्याचे काप, पामतेलात तळलेला चिवडा, गोड केलेली बाटलीबंद पेये. धान्य वर्ज्य केले आणि जीभ दुप्पट पोसली! अशा उपवासापेक्षा त्या दिवशी साधा वरणभात खाल्लेला अधिक बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे. कोणास ते रुचणार नाही, हे ठाऊक आहे.

आता त्या बालकाच्या प्रश्नाकडे वळतो. नैवेद्याची प्रथा ही कसोटी फार सोपी करून ठेवते. जे घरच्या माणसाने हाताने केले, ज्यात काय घातले ते त्यास ठाऊक आहे, आणि जे दुसऱ्याच्या प्रीतीसाठी केले, ते देवापुढे ठेवण्यास आपला हात आपोआप पुढे होतो. पाकीट ठेवताना तोच हात अडखळतो. हे अडखळणे आजींस नीट ठाऊक होते. केवळ देवघराच्या उंबऱ्याबाहेर त्यांनी ते कधी आणले नव्हते. मुक्काम हलविण्याच्या आदल्या दिवशी प्रस्तुत लेखकाने मुलास जवळ बसवून सांगितले, "बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. जे देवाला चालत नाही ते तुलाही चालत नाही, आणि मलाही नाही." पिशवीतले दोन पुडे काढून त्याच्यासमोर ठेवले. त्याने पुडा उलटा करून मागची अक्षरे एकेक जुळवून वाचण्यास सुरुवात केली, आणि "पामतेल" पाशी येऊन, हे कशाचे तेल, असे आजोबांस विचारले. आजोबांनी चष्मा आणावयास सांगितले.

दिवाळीनंतर त्या सद्गृहस्थांचा फोन आला. घरातून पाकिटे संपूर्ण गेली आहेत असे ते म्हणाले नाहीत. रविवारी एखादे येते. शाळेच्या डब्यात मात्र आता पोळीचा लाडू, उसळ किंवा इडली असते, आणि सकाळी डबा भरण्याचे काम मुलाच्या वडिलांनी आपल्याकडे घेतले आहे. लाडू प्रथम काही दिवस दगडासारखे होत, असे आजी मागून ओरडून सांगत होत्या. प्रस्तुत लेखकाच्या पिशवीत हल्ली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असते. त्या संपल्या की फलाटावर केळी मिळतात.