आई अंतर्मुख झाल्या, की त्यांना ऐकू येईना?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


गेल्या चातुर्मासात आमच्या सासूबाई आरतीला यायच्या, पण मागे गप्प बसून राहायच्या. आम्हाला वाटायचं, आई आता अंतर्मुख झाल्या. एक दिवस त्याच म्हणाल्या, "अगं, पोथीतलं अक्षर ऐकू येत नाही मला. बोलू काय?" मला फार लाज वाटली. रोज त्यांच्या पाया पडत होते, पण कान तपासून आणावेत हे सुचलं नाही!

हे आज सांगायचं कारण म्हणजे अल्झायमरसारखा विसरण्याचा आजार. २०२४ साली 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ समितीने त्याचे, आवरता येतील असे १४ धोके सांगितले. कमी ऐकू येणं आणि डोळ्यांवर उपचार न करणं त्यात आहेच. शिवाय बीपी, शुगर, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, बिडी-सिगारेट, अति दारू, बैठं जीवन, डोक्याला मार, उदासी, एकटेपणा, कमी शिक्षण आणि हवेचं प्रदूषण. हे सगळे आवरले तर जगातले सुमारे ४५ टक्के रुग्ण टळू शकतील किंवा आजार लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे. वय आणि आनुवंशिकता मात्र आपल्या हातात नाही. आणि धोका आहे म्हणजे आजार होणारच, असंही नाही.

काही जण म्हणतात, गीतेत क्रोधातून स्मृतिभ्रंश सांगितलाय, म्हणजे हे रागाचंच फळ. नाही हो! तिथे विवेक सुटण्याची गोष्ट आहे, मेंदूच्या आजाराची नाही. आपल्या ग्वाल्हेरचे अटलजी केवढे वक्ते, कवी! २००९ मध्ये पक्षाघात झाला आणि ती वाणी थांबली. पुढे स्मृतिभ्रंशानेही ग्रासलं. त्यांना कोण दोष देईल? मग घरातल्या म्हाताऱ्या माणसाला "मुद्दाम करतात" असं का म्हणायचं?

नामस्मरण सोडायचं नाही, पण नाम घेतो म्हणून बीपीची गोळीही सोडायची नाही. देह हे देवाचं देऊळ म्हणतो ना आपण, मग त्याची झाडलोटही सेवाच.

या गुरुवारी प्रत्येक घराने एवढं करावं. आजी-आजोबांचे कान, डोळे, बीपी, शुगर तपासायची तारीख ठरवावी. त्यांना पुढे बसवावं, एक अभंग त्यांना म्हणायला सांगावा. तेच तेच विचारू लागले, ओळखीचा रस्ता चुकू लागले, तर "वयच झालं" म्हणून सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

आईंना आता कानाचं यंत्र लावलंय. परवा आरतीत मी कडवं चुकले, तर त्यांनीच टोकलं. महाराजांचा प्रसादच तो!

जय गुरुदेव.
— एक सेविका, लष्कर, ग्वाल्हेर