शेवटची ओळ

गेल्या हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी ट्रॉयला आली आणि तिने नातवासाठी स्वेटर विणायला घेतला. अंग झालं, बाह्या झाल्या, गळाही झाला. पण चिरंजीवांचं डोकं काही गळ्यातून जाईना! एवढा ताणला जाणारा स्वेटर, आणि शेवटची एकच ओळ हट्टाला पेटलेली.

कारण आईनेच समजावलं. ताण आला की विणीतला टाका शेजाऱ्याकडून थोडी लोकर उसनी घेतो. टाके बंद करताना मात्र आपण एकावरून एक ओढून काढतो. त्यांची साखळी होते आणि साखळीकडे द्यायला लोकर उरत नाही. मग तिने ती ओळ उसवली, जाड सुई घेतली आणि दोन टाके मागच्या बाजूने एकत्र सुलट विणून, आलेला टाका परत डाव्या सुईवर घेत, पुढच्याबरोबर पुन्हा दोन एकत्र, असं करत गळा बंद केला. विस्कॉन्सिनच्या एलिझाबेथ झिमरमन (१९१०-१९९९) यांची सुईदोऱ्याने शिवून टाके बंद करण्याची पद्धत मी तिला दाखवली. "त्यात काठाच्या तिप्पट लोकर आधीच कापायची? नको रे बाबा," म्हणाली.

मी शेजारी बसून लॅपटॉपवर आय-१३० भरत होतो. आईच्या ग्रीनकार्डासाठी. बाबा गेल्यापासून ती पुण्यात एकटीच असते. तिला मी विचारलं नव्हतं, सांगणार होतो. आमच्या धंद्यात काम 'क्लोज' करण्याचे पैसे मिळतात, लोंबती टोकं मला बघवत नाहीत. पण ही काळजी तिची, की माझ्या झोपेची? व्हिजिटर म्हणून ती येते-जाते. ग्रीनकार्ड घेतलं की इथंच घर करायचं. आधी परवानगी न काढता वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर ते हातचं जाऊ शकतं. म्हणजे तिची पेठ, तिची भिशी, सगळ्याला गाठ मारायची, आणि तीही मी.

उलट, "तुझ्या मनासारखं कर" म्हणून मोकळं होणं त्याहून सोपं. मोकळीक देतो म्हणत जबाबदारी टाळणारे आपल्यात कमी नाहीत. टाके बंदच केले नाहीत तर अख्खा स्वेटर उसवतो. रात्री दोन वाजता पुण्याहून फोन वाजला की पोटात काय होतं, हे इथे कुणाला सांगायला नको.

शेवटी विचारलंच. ती टाके मोजत होती. "एवढी ओळ होऊ दे, मग बोलू."

स्वेटर त्याच संध्याकाळी डोक्यातून गेला. फॉर्म सहीविना खणात पडून आहे. बोलणं अजून चालू आहे, दर रविवारी, फोनवर.