चाळीतला कांदा

वैजापूर तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवणारे सर. पगार जमा झाला की मोबाइलवर ई-बुकं घ्यायची, हा त्यांचा नेम. 49 रुपये, 99 रुपये, 'सवलत आज रात्रीपर्यंतच'. बोट आवरत नसे.

2016 च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं आली, तेव्हा सरांना झालेला आनंद खरा होता. त्याआधी एका पुस्तकासाठी रोटेगाव स्टेशन गाठून जिल्ह्याच्या गावी जायचं आणि 'आवृत्ती संपली' ऐकून परतायचं. तालुक्याच्या गावी राहून वाचणाऱ्यालाच त्या सोयीचं मोल कळतं.

पण काही वर्षांत मोबाइलमध्ये 340 पुस्तकं साठली. शेवटच्या पानापर्यंत वाचलेली 22. कपाट असतं तर भरलेलं तरी दिसलं असतं. इथे ना जागा अडते, ना धूळ बसते. "निवृत्तीनंतर वाचू," असं सर म्हणत. तोवर ती राहतील याची तरी हमी कुठे आहे? ई-बुकाचे पैसे मोजून आपल्याला बहुतेक वेळा मिळतो तो वाचण्याचा परवाना. जुलै 2009 मध्ये अॅमेझॉनने हक्कांच्या वादातून ऑर्वेलच्या '1984' च्या विकलेल्या प्रती वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या होत्या. पैसे परत दिले, पुस्तक गेलं.

जुलैतल्या एका रविवारी सर घरच्या अण्णांबरोबर कांदा साठवायच्या चाळीत उन्हाळ कांदा निवडायला बसले. एका कप्प्यातून वास येत होता. वरचा कांदा खणखणीत, टरफल वाजणारा. सरांनी कोपरापर्यंत हात खाली घातला आणि बोटांना चिकट पाणी लागलं.

"या कप्प्यात सहा फुटांच्या वर गेला बघ," अण्णा म्हणाले. "पाच फुटांच्या पुढं खालचा दबतो, हवा खेळत नाही."

"कांदाच हलका होता का?"

"कांदा चांगला होता रे. भरताना हात आवरला नाही."

दोघांनी तीन पाट्या सडका कांदा बांधावर नेऊन टाकला. हाताचा वास साबणाने जाईना.

रात्री मोबाइलवर पुन्हा सवलतीची जाहिरात आली. सरांनी ती बाजूला सारली आणि आपल्या यादीच्या पार तळाशी गेले. तिथे सात वर्षांपूर्वी घेतलेलं, दुसऱ्या पानावर थांबलेलं एक प्रवासवर्णन होतं. ते वाचायला घेतलं, अकरा दिवसांत संपवलं. आता नवं पुस्तक मोहात पाडतं, तेव्हा सर फुकट मिळणारी नमुन्याची पानं वाचतात, नाव वहीत लिहितात आणि हातातलं संपेपर्यंत थांबतात. वहीतली निम्मी नावं महिन्याभरात त्यांनी स्वतःच खोडली आहेत.

तुमच्याही यादीच्या तळाशी एखादं पुस्तक असेल. आज नवं काही घेण्याआधी ते उघडा आणि दहा पानं वाचा.