‘देव मानत नाही’ : कोण मानत नाही?



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ९, श्लोक २९

गेल्या रविवारी मावशीकडे सातपाटीला गेले होते. पालघर स्टेशनवरून रिक्षा केली. गावात बंदराकडे जाणाऱ्या अरुंद रस्त्यावर पुढे बर्फाचा टेम्पो अडकला होता. समोरून मासळीची गाडी आलेली, आणि दोघंही मागे हटायला तयार नाहीत. दहा मिनिटं मी त्या टेम्पोची पाठ वाचत बसले. वर रंगवलेलं ‘आई एकवीरा प्रसन्न’. खाली एक जुना स्टिकर, पुढचा भाग सोलून गेलेला. उरलेले शब्द तीनच : देव मानत नाही.

वर आई एकवीरा आणि खाली हे! शेवटी राहवलं नाही. उतरून ड्रायव्हरदादांना विचारलंच. ते हसले. “गाडी सेकंडहँड घेतलीय ताई. स्टिकर आधीच्याचा आहे. काढायला गेलो तर रंग निघतो.”

झालं. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते कळायचा रस्ता बंद. पण वाक्य काही डोक्यातून जाईना. कारण त्यात कर्ताच नाही. कोण मानत नाही?

पहिला अर्थ सरळ. ‘मी देव मानत नाही.’ म्हणजे गाडीवाला नास्तिक. आपल्याकडे अशी माणसं काही कमी झाली नाहीत. डॉ. श्रीराम लागूंनी तर देवाला रिटायर करा असं जाहीरपणे सांगितलं. केवढा वाद झाला त्यावर! पण हेच लागू सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावं म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा करण्यात पुढे होते. कृतज्ञता! आपण जो शब्द रोज देवापुढे म्हणतो, तो त्यांनी माणसांसाठी वापरला.

आणि ‘नास्तिक’ हा शब्द तरी आपल्याला वाटतो तेवढा साधा आहे का? पाणिनीने आस्तिक-नास्तिक हे शब्द ‘आहे’ आणि ‘नाही’ या मतांवरून साधले, पण काय आहे आणि काय नाही, ते सूत्रात सांगितलंच नाही. टेम्पोवरच्या वाक्यासारखंच! पुढे टीकाकारांनी तिथे ‘परलोक’ घातला. मनुस्मृतीत वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. म्हणून जग निर्माण करणारा ईश्वर न मानणारे मीमांसक आस्तिकांत बसले. म्हणजे शिक्का कोणावर मारायचा, हे मारणाऱ्याने ठरवलं.

दुसरा अर्थ मला रिक्षा सुटल्यावर सुचला. कर्ता देवच असेल तर? सोलून गेलेल्या भागात ‘भेद’ किंवा ‘जातपात’ असेल तर? तो भेद देव मानत नाही! हा अर्थ आपल्या आजच्या श्लोकाच्या अगदी जवळचा. भगवंत म्हणतात, मी सगळ्या प्राणिमात्रांच्या ठिकाणी सारखाच आहे, माझा कोणी नावडता नाही आणि कोणी लाडका नाही. ऐकायला किती गोड! पण देव मानणाऱ्यांनीच चोखोबांना विठ्ठलाच्या दाराबाहेर ठेवलं. त्यांची समाधी आजही महाद्वारासमोर, बाहेरच आहे. ते दार सगळ्यांसाठी उघडावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. भेद देव मानत नव्हता. भक्त मानत होते.

आता तिसरा अर्थ. हा मला मावशीच्या घरी, काकांच्या फोटोसमोर बसल्यावर कळला, आणि याचसाठी आज लिहायला बसले.

कोणी कितीही विनवण्या करून बधत नसेल, तर आपण बोलताना म्हणतो, “काही केल्या मानत नाही.” तसं. किती हाका मारल्या, पण देव मानत नाही.

मावशीचे यजमान एप्रिल २०२१ मध्ये कोविडने गेले. ते हॉस्पिटलमध्ये असताना आम्ही सगळ्या नातेवाइकांनी ऑनलाइन पारायण ठेवलं होतं. माझा मावसभाऊ, बोईसरला एमआयडीसीत नोकरी करणारा, रात्रपाळी करून येऊन पहाटे वाचायला बसायचा. एक दिवस चुकवला नाही. काका नवव्या दिवशी गेले.

त्यानंतर तो गप्प झाला. मी मात्र फॅमिली ग्रुपवर रोज सकाळी श्लोक टाकत राहिले. गेल्या वर्षी त्याने तिथेच लिहिलं, “ताई, हे नको पाठवूस. मी देव मानत नाही.” मला राग आला. सगळ्यांसमोर असं? मी अ‍ॅडमिन. त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. वर मनात म्हटलं, श्रद्धेचा अपमान कसा सहन करायचा!

त्याचं वाक्य मी पहिल्या अर्थाने वाचलं होतं. तो कदाचित तिसरा अर्थ सांगत होता. आणि दुसरा अर्थ, जो मी तुम्हाला इथे इतक्या वेळा समजावलाय, तो मला स्वतःला लागू करायचं सुचलंच नाही.

आता श्लोकाचा उत्तरार्ध. तिथे भगवंत म्हणतात की जे मला भक्तीने भजतात ते माझ्यात आहेत आणि मी त्यांच्यात. मग झाला ना भेद? आपण भजणारे आत, बाकीचे बाहेर? शंकराचार्यांनी इथे अग्नीचा दृष्टांत दिलाय. जवळ बसणाऱ्याची थंडी जाते, लांबच्याची जात नाही. पण म्हणून अग्नी कोणाचा द्वेष करत नाही. मी यात एवढंच जोडते, की शेकोटीजवळ आधी बसलेल्याचं काम सरकून जागा करून देण्याचं आहे. मी काय केलं? शेकोटीची मालकीण असल्यासारखं एकाला उठवलं. तोही असा, की ज्याचे हात सगळ्यांत गार पडले होते.

रविवारी तो घरी नव्हता, ड्युटीवर होता. मावशी म्हणाली, “देवाजवळ बसत नाही. पण मी संध्याकाळी दिवा लावायला विसरले, तर वातीचा डबा आणून माझ्यापुढे ठेवतो. बोलत काही नाही.”

परत येताना ट्रेनमध्ये त्याला मेसेज केला. श्लोक नाही पाठवला. लिहिलं, “तुला काढलं ते चुकलं माझं. काकांबद्दल बोलायचं असेल तेव्हा फोन कर. देवाबद्दल मी काही बोलणार नाही.” दोन निळ्या टिका दिसल्या. हे लिहीपर्यंत उत्तर आलेलं नाही. येईल किंवा येणारही नाही. तो राग धरायचा त्याला हक्क आहे.

आजचा संकल्प : तुमच्या घरात, मित्रांत कोणी ‘मी देव मानत नाही’ म्हणत असेल, तर आज त्याला पटवायला जाऊ नका. आधी विचारा, “काय झालं होतं?” आणि मग फक्त ऐका.

॥ रामकृष्णहरी ॥