पाहुण्याचा धर्म

मुंबईहून पुण्यास जाणारी गाडी कर्जत स्थानकात थांबते, ती कर्जतसाठी थांबते असे समजणारा प्रवासी विरळा. पुढे बोरघाट आहे आणि तो चढण्यासाठी बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. ती लागेपर्यंत जो अवकाश मिळतो, त्यात बटाटेवडा घ्यावा आणि गाडी हलली की हात पुसून खिडकीतून डोंगर पाहत बसावे, इतकाच कर्जतशी बहुतेक सुशिक्षितांचा संबंध. आमचाही कित्येक वर्षे तितकाच होता.

हल्ली ही स्थिती पालटली आहे. शनिवारी सकाळी नेरळ, भिवपुरी, कर्जत व खोपोली या स्थानकांवर शहरातील मंडळी पाठीवर पिशव्या अडकवून लोंढ्यासारखी उतरतात. ज्यांना मोटार आहे ते द्रुतगती मार्गाने येतात. परवा आमच्या एका स्नेह्यांनी या भागातील प्रेक्षणीय स्थळांची एक यादी आमच्यापुढे ठेवली आणि सुटीत मुलाबाळांना घेऊन कोठे जावे, असा सल्ला विचारला. प्रश्न साधा होता. परंतु यादी वाचता वाचता आमच्या मनात दुसराच एक प्रश्न उभा राहिला, आणि तो वाचकांपुढे मांडावा म्हणून हा लेख लिहीत आहो.

यादी वाईट नव्हती. तीत कोंडाण्याची लेणी होती. कोथळीगड होता, ज्याच्या सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्यांवरून माथा गाठावा लागतो. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजीमहाराजांनी कारतलबखानाची फौज जेथे कोंडली, ती खालापूर तालुक्यातील उंबरखिंड होती. खोपोलीस नाना फडणिसांनी बांधविलेला तलाव व महादेवाचे मंदिर होते. २०१३ साली उघडलेले इमॅजिका हे करमणुकीचे उद्यान होते, आणि नेरळची सगुणा बाग होती, जेथे शहरातील मुलांना शेती दाखवितात. ऋतुमानाप्रमाणे काय पाहावे तेही दिले होते. उन्हाळ्यात माथेरान, आषाढ-श्रावणात धबधबे, कार्तिकी एकादशीस खोपोलीजवळच्या साजगाव-ताकईची जत्रा, २ जानेवारीस शेजारच्या मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर भाई कोतवाल व हिराजी पाटील यांचा स्मृतिदिन, माघी चतुर्थीस महडचा वरदविनायक. सर्व काही होते. नव्हती ती फक्त तेथे राहणारी माणसे. काय पाहावे हे त्या यादीत होते, पाहणाराने काय द्यावे याविषयी तीत अवाक्षर नव्हते. असे काही देणे लागते काय, आणि लागत असल्यास ते पैशाने फिटते काय, हाच आमचा प्रश्न.

आपल्या धर्मग्रंथांत यजमानाची कर्तव्ये विपुल सांगितली आहेत. अतिथीस देव मानावे, ही तैत्तिरीय उपनिषदाची शिकवण शाळकरी पोरासही ठाऊक असते. परंतु अतिथीने कसे वागावे याविषयी त्या मानाने फारच थोडे बोलले जाते. याचे एक कारण त्या शब्दातच असावे. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. आणि एक रात्र राहतो तो अतिथी, असे मनुस्मृती म्हणते. असा मनुष्य एकटा येई, थकून येई, आणि त्याची गरज इतकी उघड असे की त्यास कर्तव्ये शिकविण्याचे प्रयोजनच नव्हते. आमचा आजचा पाहुणा याच्या नेमका उलट आहे. त्याची तिथी पक्की ठरलेली आहे, ती शनिवार-रविवारची! तो एकटा येत नाही, भुकेला येत नाही, आणि निवाऱ्यासाठी तर मुळीच येत नाही. निवारा सोडून पावसात भिजण्यासाठी येतो. त्याला अतिथी म्हणावे तर शब्दाचा अर्थ मोडतो. यात्रेकरू म्हणावे तर यात्रेकरूस नियम असतात, व्रत असते, देवापुढे वाकावे लागते. मग उरला एकच शब्द, गिऱ्हाईक. आणि खरी अडचण येथेच आहे. कारण गिऱ्हाइकाला हक्क असतात, ऋण नसते.

ताकईच्या जत्रेचे उदाहरण घ्यावे. तुकोबा व्यापाराच्या निमित्ताने घाट उतरून येथवर आले होते, अशी त्या भागातील लोकांची श्रद्धा आहे. तेथील विठोबाला लोक बोंबल्या विठोबा म्हणतात, कारण त्याच्या जत्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. वैष्णवांच्या देवापुढे बोंबलांच्या राशी! पंढरीच्या शुचिर्भूत वारकऱ्यास हे कसेसेच वाटेल. परंतु आम्हांस त्या नावात फार मोठा समजूतदारपणा दिसतो. कोळीण मासळी घेऊन येते, शेतकरी पावसाळ्याची बेगमी घेऊन जातो, दोघेही एकाच देवाच्या पाया पडतात. तेथेही पैसा हातोहात फिरतो, नाही असे नाही; परंतु येणारा व असणारा यांच्यात पाहणारा एक आणि दिसणारा दुसरा असा भेद पडत नाही. हा भेद पडला की जत्रेचे प्रदर्शन होते.

हा पेच आपल्याच वाट्यास आला आहे असे मात्र नाही. ज्या इंग्लंडच्या खेड्यांची वर्णने वाचून आमची पिढी निसर्गावर प्रेम करण्यास शिकली, तेथेही तो जुनाच आहे. वर्ड्‌स्वर्थ कवीने आपल्या सरोवरांच्या प्रदेशाची वाटाड्या-पुस्तिका स्वतः लिहिली. आणि १८४४ साली केंडालहून विंडरमियरकडे आगगाडी नेण्याची योजना निघाली तेव्हा तिच्या विरोधात वर्तमानपत्रांतून पत्रेही त्यानेच लिहिली. या विसंगतीस हसणे सोपे आहे. सौंदर्याकडे लोकांना बोलवावे, आणि लोक खरोखरच येऊ लागले म्हणजे घाबरून दार लावावे, हा सुशिक्षितांचा जुना रोग आहे आणि तो आम्हांसही आहे. याची दुसरी बाजू १९३२ साली दिसली. मँचेस्टरकडील कामकरी तरुण सरदारांच्या शिकारीच्या राखीव माळावर, किंडर स्काउटवर, बेधडक चढले व त्यांतील काहींना तुरुंगवास घडला; आणि १९४९ मध्ये पार्लमेंटला राष्ट्रीय उद्यानांचा व रानमाळांवर जाण्यायेण्याचा कायदा करावा लागला. तेव्हा गिरणीत राबणाऱ्यास डोंगराची हवा मिळू नये, असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. मुंबईच्या चाळीतील मुलाने भिवपुरीच्या धबधब्याखाली ओले होऊन हसावे, यात आम्हांस तरी पाप दिसत नाही.

परंतु इंग्लंडातील त्या तरुणांचा झगडा जमीनदाराशी होता. आमच्या डोंगरांच्या पायथ्याशी जमीनदार नव्हे, ठाकर व कातकरी राहतात, आणि शहराचे त्यांच्या डोंगराशी असलेले देणेघेणे सहलींहून फार जुने आहे. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी गेली ती याच कातळावरून. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट साहेब चौक गावाकडून चढून गेले आणि त्यांनी माथेरान ‘शोधून काढले’; जणू त्यापूर्वी त्या रानात वावरणाऱ्यांना आपण कोठे आहो हे ठाऊकच नव्हते! १९०७ मध्ये नेरळहून वर छोटी गाडी गेली. १९१५ मध्ये घाटमाथ्यावर अडविलेले पाणी नळांतून खाली सोडून टाटांनी खोपोलीस वीज काढली, तिच्यावर मुंबईच्या गिरण्या चालल्या. १९२२ मध्ये भिवपुरीसही तसेच केंद्र झाले. या कामांची थोरवी आम्ही नाकारीत नाही. सांगावयाचे एवढेच की, आपण त्या प्रदेशात पाहुणे म्हणून पाऊल टाकतो तेव्हा कोऱ्या पाटीने जात नाही; खाते आधीच उघडलेले असते, आणि नावे रक्कम आपल्याकडे असते.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल की, आम्ही पैसे देतो, त्यावर त्यांची पोटे चालतात, मग ऋण कसले? हा आक्षेप हलका नव्हे. पाहुणे आले नाहीत तर चहाची टपरी बंद पडते, वाटाड्याची मजुरी बुडते, भाजलेले कणीस विकणारी बाई रिकाम्या हाताने घरी जाते; आणि हे उपदेशकाने विसरता कामा नये. परंतु तेच लोक जेव्हा धबधब्यावर बाटल्या फोडतात, नको त्या ठिकाणी उतरून प्राण गमावतात, आणि मग सरकारास पावसाळ्यात धबधब्यांवर जाण्याची बंदी करावी लागते, तेव्हा काय होते ते पाहावे. बंदी योग्यच असते, तिने जीव वाचतात. परंतु ज्याने आगळीक केली तो पुढच्या रविवारी दुसऱ्या डोंगरावर जातो, आणि हंगाम बुडतो तो कणीसवालीचा. पैसे देऊन जे मिळते ते सेवेचे मोल. पाहुण्याच्या वागणुकीने यजमानाचे जे बरेवाईट होते, त्याचा हिशेब त्या पैशात धरलेला नसतो.

शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी व पितर यांच्या ऋणांबरोबर चौथे मनुष्यऋण सांगितले आहे, आणि ते माणसांस आसरा व अन्न देऊन फेडावे असे म्हटले आहे. या व्यवस्थेत आम्हांस एक सूक्ष्म न्याय दिसतो. जो वाढतो त्याचे ऋण फिटते. जो जेवतो त्याच्यावर ते नव्याने चढते. पानावरून उठताना चार नोटा ठेवल्याने ते उतरते असे समजणे, ही आमची सोय आहे, शास्त्र नव्हे.

हे सर्व आम्ही वरच्या आसनावरून सांगत आहो, असा वाचकांचा समज होऊ नये म्हणून स्वतःचीच एक गोष्ट सांगणे भाग आहे. खालापूर तालुक्यात चौकजवळ इर्शाळगड नावाचा सुळका आहे. त्याच्या वाटेवर, डोंगराच्या कुशीत, ठाकरांची इर्शाळवाडी होती. कॉलेजातील मुलांना घेऊन आम्ही तेथे दोन वेळा गेलो होतो. दुसऱ्या खेपेस एका घरी दुपारी जेवलो. तांदळाची भाकरी व चवळीची उसळ होती. वाढणाऱ्या बाईंनी आमचे नाव विचारले, गाव विचारले, मुलेबाळे किती तेही विचारले, आणि इतकी माणसे दर आठवड्यास ही वाट चढून येतात, त्यांना घरी पायऱ्या नाहीत काय, असे म्हणून त्या मनमुराद हसल्या. आम्हीही हसलो, मागितले त्याहून थोडे अधिक पैसे दिले, आणि मोठ्या समाधानाने उतरलो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री त्या वाडीवर दरड कोसळली. वर मोटाररस्ता नव्हता, म्हणून यंत्रे पोहोचली नाहीत; धावून गेलेल्यांनी पावसात चिखलाची चढण चढून फावड्यांनी व हातांनी माती उपसली. चढता चढताच नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचे प्राण गेले. चौथ्या दिवशी शोध थांबविला गेला तेव्हा २७ मृतदेह हाती आले होते व ५७ माणसे बेपत्ता होती. जो पाऊस आम्हांला घराबाहेर ओढीत असे, तोच हा पाऊस होता.

त्या आठवड्यात आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला आणि त्याने विचारले, “सर, आपण ज्यांच्याकडे जेवलो होतो, त्या काकूंचे नाव काय हो?” आम्ही सहलीची जुनी वही काढली. तीत चढण्यास लागलेला वेळ होता, वाटेत दिसलेल्या पक्ष्यांची नावे होती, सुळक्यास असलेल्या आरपार भोकाचे वर्णन होते. नाव नव्हते. त्यांनी आम्हांस सर्व विचारले होते; आम्ही त्यांना काहीच विचारले नव्हते. गेलेल्यांची नावे वर्तमानपत्रात येत होती, ती आम्ही वाचीत होतो. परंतु त्यांत त्या होत्या की वाचलेल्यांत होत्या, हे आम्हांस कळण्याचा मार्गच नव्हता. वाचलेल्यांसाठी पुढे चौकजवळ घरे झाली. तेथे जाऊन शोध घ्यावा असे मनात आले. परंतु कोणाचा शोध घेता, असे कोणी विचारले असते तर काय सांगणार होतो?

कोंडाण्याच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा एक लहानसा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढेच तो सांगतो. राजाचे नाव नाही, पराक्रम नाही, कोणी केले एवढेच. त्या डोंगरातल्या कारागिराचे नाव इतकी शतके राहिले, आणि ज्यांच्या हातची भाकरी आम्ही खाल्ली त्यांचे नाव त्याच दिवशी संध्याकाळपर्यंतसुद्धा आमच्याजवळ राहिले नाही. आमच्या मते पाहुण्याचे पहिले देणे ते हेच. पैसा त्यानंतर, स्वच्छता व शिस्त त्यानंतर, आधी ओळख. कारण ज्याला आपण ओळखतो त्याच्या शेतातून बेलाशक चालत जाववत नाही, त्याच्या झऱ्यात बाटली फोडवत नाही, आणि त्याच्या डोक्यावरचा डोंगर खचू लागला तर आपल्याला झोप येत नाही.

हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. त्या काळरात्रीनंतर मदतीस जे गेले त्यांत खोपोलीच्या यशवंती हायकर्सची मंडळी होती. डोंगर चढण्याच्या छंदासाठी एकत्र आलेली ही माणसे. परंतु छंदापायी वाटा पायाखालच्या झालेल्या होत्या, आणि त्या दिवशी तोच छंद कर्तव्य झाला. म्हणजे मौजेसाठी डोंगरात जाणे हा दोष नव्हे. मौजेतून जे ज्ञान मिळते ते आपल्यापुरते ठेवावयाचे की तेथल्या माणसांच्या उपयोगी पाडावयाचे, यावर सारे अवलंबून आहे.

आमच्या स्नेह्यांना आम्ही यादी परत केली. तीतले एकही स्थळ गाळले नाही. उलट, मुलांना ताकईच्या जत्रेस अवश्य न्या, असे सुचविले. फक्त समासात एक ओळ लिहिली : जेथे पाणी प्याल, तेथल्या माणसाचे नाव विचारून या. ते ती पाळतील अशी आम्हांस आशा आहे. आमच्या वहीतली ती एक जागा मात्र कोरी राहिली आहे, आणि ती आता भरून निघण्यासारखी नाही.