कॅमेऱ्याला काय विचारायचे?

त्रावणकोरच्या किनाऱ्यापलीकडे, अरबी समुद्रात, 'इन्व्हेस्टिगेटर' नावाचे सर्वेक्षण जहाज तळावरून जाळे ओढत होते. सुमारे ४३० फॅदम, म्हणजे जवळजवळ ७९० मीटर खोलीवरून त्या जाळ्यात एक चपटा, काळपट मासा वर आला. डोळे नावापुरतेच. आल्फ्रेड आल्कॉकने १८९८ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला बेन्थोबॅटिस मोरेस्बाय असे नाव दिले. कोकणात ज्यांना पाकट म्हणतात, त्या माशांच्या गोतावळ्यातला हा. अंगात वीज तयार करणारा. आल्कॉक पेशाने डॉक्टर होता आणि आवडीने प्राणिशास्त्रज्ञ. हाती आले ते त्याने काटेकोरपणे मोजले, रेखाटले, जतन केले. आपल्या समुद्राच्या खोल भागाबद्दल जे थोडेफार माहीत आहे, त्याचा पाया अशा माणसांनी घातला.

तरीही जाळ्याने त्याच्या हाती दिले ते नुसते शरीर. तो मासा चिखलात रुतून बसला होता की खडकाच्या आडोशाला, एकटा होता की चार जणांत, त्याची पिल्ले कुठे वाढतात, यातले काहीही जाळ्यातून वर येत नाही. जाळे तासभर ओढले की मैल-दोन मैलांचा चिखल, शिंपले, कोळंबी, मासे एकाच ढिगात पडतात. कोण कोणाच्या शेजारी राहत होते ते त्या ढिगावरून कळत नाही. एखादा प्राणी कुठे राहतो हे त्याच्याबद्दलचे निम्मे ज्ञान असते, आणि ते निम्मे शंभर वर्षे आपण पाण्यातच सोडून येत होतो.

ते हाती लागू लागले दूरनियंत्रित पाणयंत्रांमुळे. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सगळे आरओव्ही म्हणतात. माणूस जहाजावरच्या खोलीत पडद्यांसमोर बसतो आणि यंत्र एका लांबच लांब केबलला बांधून खाली जाते. केबलमधल्या तांब्यातून वीज जाते, काचतंतूंतून चित्र वर येते. पंखे यंत्राला हवे तिकडे वळवतात, दोन यांत्रिक हात दगड उचलतात. कॅमेऱ्याशेजारून ठरावीक अंतरावर दोन लेझर किरण सोडलेले असतात. तळावर त्यांचे दोन ठिपके पडतात आणि त्यांच्या आधारे समोरच्या माशाचा आकार त्याला हात न लावता मोजता येतो. तापमान, क्षारता, प्राणवायू यांची नोंद सतत चालू असते. प्रकाश मात्र थोडक्या मीटरांपलीकडे पोहोचत नाही. समुद्राच्या तळाचा जो भाग दिसतो, तो अंगणाएवढा.

त्या अंगणाएवढ्या उजेडात काय सापडू शकते, याचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. आधी स्केटबद्दल सांगतो. दिसायला हा मासा पाकटासारखाच असतो. तसाच पसरट, कूर्चेचा सांगाडा असलेला. पण पाकट जिवंत पिल्ले देते आणि स्केट अंडी घालते. शेपटीला विषारी काटा नसतो. पाकटांपेक्षा स्केट कितीतरी जास्त खोल उतरलेले आहेत. तळावर ते नुसते पोहत नाहीत. पोटाखालच्या मागच्या लहान परांनी जमीन रेटत ते अक्षरशः चालतात.

२०१५ साली गालापागोस बेटांच्या परिसरात 'नॉटिलस' जहाजावरून 'हर्क्युलीस' नावाचे आरओव्ही खाली सोडले गेले. डार्विन बेटाच्या उत्तरेला सुमारे ४५ किलोमीटरवर, १,६०० मीटरपेक्षा जास्त खोलीवर, समुद्रतळातून तापलेले पाणी ओकणारी दगडी धुरांडी आहेत. भोवतालचा समुद्र पावणेतीन अंशांच्या आसपास, गोठवणारा. त्या धुरांड्यांच्या आसपास बसाल्टच्या दगडांवर अंडी पडलेली दिसली. मोजली तेव्हा १५७ भरली. आनुवंशिक तपासणीसाठी काही वर आणली, तेव्हा ती बॅथिराजा स्पिनोसिसिमा या स्केटची निघाली. निम्म्याहून जास्त अंडी धुरांड्यांपासून २० मीटरच्या आत होती. जवळजवळ नव्वद टक्के अंडी अशा जागी होती, जिथे पाणी भोवतालच्या समुद्रापेक्षा थोडे गरम होते. पेलायो सालिनास दे लेऑन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २०१८ साली प्रसिद्ध केले.

खुडुक बसलेली कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवरून फारशी हलत नाही, ते काम इथे पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेकडे सोपवलेले आहे. जमिनीवर टोंगा बेटांतला मेगापोड पक्षी ज्वालामुखीच्या गरम मातीत अंडी पुरतो, असे उदाहरण माहीत होते. समुद्रात असे वागणारा प्राणी तोवर कोणी पाहिला नव्हता.

स्केटचे अंडे नीट पाहण्यासारखे असते. चिवट चामड्यासारखी चौकोनी पिशवी आणि चार कोपऱ्यांना चार शिंगे. सुरुवातीला ती चहूबाजूंनी बंद असते. आतला गर्भ थोडा वाढला की शिंगांजवळच्या फटी उघडतात. मग ते पिल्लू आपली बारीक शेपटी एका शिंगात घालून सतत हलवत राहते. त्या हालचालीने ताजे पाणी आत येते, वापरलेले बाहेर जाते. आई अंडे ठेवून केव्हाच निघून गेलेली असते. असे हे पिल्लू किती काळ शेपटी हलवत राहते? बेरिंग समुद्रातल्या अलास्का स्केटची अंडी फुटायला साडेतीन वर्षांहून जास्त लागतात, असे आढळले आहे. गालापागोसच्या त्या जातीचा काळ चार वर्षांहून अधिक असावा, असा अंदाज आहे. पाणी दोन अंशांनी गरम मिळाले तर त्यातले कितीतरी महिने वाचतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे, सुमारे ३,२०० मीटर खोलीवर, ऑक्टोपसांच्या माद्या कोमट झऱ्यांवर अंडी उबवतात. त्याच जागी आरओव्ही पुन्हा पुन्हा नेऊन संशोधकांनी २०२३ साली दाखवले की तिथे अंडी दोन वर्षांच्या आत फुटतात. थंड पाण्यात त्यांना अनेक वर्षे लागली असती. त्याच वर्षी कॅनडाच्या पश्चिमेला एका पाणबुड्या ज्वालामुखीच्या माथ्यावर गालापागोसच्याच जातीच्या स्केटची अंडी प्रचंड संख्येने दिसली.

म्हणजे ती धुरांडी त्या माशाची बाळंतिणीची खोली आहे. कितीही जाळी ओढली असती, तरी हे कळले नसते. जाळ्यात अंडी आली असती, गरम पाणी आले नसते.

पण या बघण्यालाही मर्यादा आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. जिथे सूर्यप्रकाश कधी पोहोचला नाही, तिथे आपण दिव्यांचा झोत घेऊन उतरतो. पंख्यांचा आवाज असतो, विद्युत मोटारी असतात. आणि समोरचा प्राणी कोण? ज्याच्या तोंडाभोवती बारीक, जेलीने भरलेल्या नळ्यांची छिद्रे आहेत. स्टेफानो लॉरेंझिनीने १६७८ मध्येच त्यांचे वर्णन केले, पण त्या नळ्या विजेची चाहूल घेतात हे विसाव्या शतकात कळले. सेंटीमीटरमागे अब्जांश व्होल्टच्या घरातला फरक या माशांना जाणवतो. वाळूत दडलेल्या खेकड्याच्या स्नायूंची वीज त्यांना कळते. अशा जिवापुढे वीज खेळवणारे, टनावारी वजनाचे यंत्र आणून उभे केले, की तो त्या यंत्रापुढे जसा वागतो तसा आपल्याला दिसतो. एकटा असताना तो कसा वागतो ते वेगळे असू शकते. म्हणून काही संशोधक लाल प्रकाश वापरतात, काही तळावर स्थिर कॅमेरा ठेवून यंत्र दूर नेतात. अंड्यांची साक्ष मला अधिक भरवशाची वाटते ती याच कारणाने. अंडी दिव्याला बिचकून पळत नाहीत, आणि ती कुठे ठेवायची हे आईने आपण तिथे जाण्याच्या आधीच ठरवलेले असते.

आपल्या देशाचा या खोलीशी संबंध मुख्यतः खनिजांमुळे आला. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरचे बहुधातू गोळे वर आणले. पुढे २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी करार होऊन मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र शोधासाठी मिळाले. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने रशियन तंत्रज्ञांच्या साथीने 'रोसब ६०००' हे आरओव्ही बांधले आणि २०१० मध्ये ते ५,२८९ मीटर खोलीवर यशस्वी चालवून दाखवले. त्याच संस्थेचे 'वराह' नावाचे खाणयंत्र २०२१ मध्ये ५,२७० मीटरवर तळाच्या चिखलात चालले. २०२१ मध्येच ४,०७७ कोटी रुपयांची खोल समुद्र मोहीम मंजूर झाली. या कामाचा मला मनापासून अभिमान आहे. इतक्या दाबाखाली यंत्र चालवणे जगातल्या मोजक्या देशांना जमले आहे.

यापुढचा मुद्दा खोलीचा आहे. गोळे पाच हजार मीटरच्या आसपास असतात आणि तिथे स्केट नसतात. शार्क, पाकट, स्केट हे सगळे कुळ साधारण ३,००० मीटरपाशी जवळजवळ संपते, फार तर काही जाती चार हजारांपर्यंत पोहोचतात. त्याची दोन कारणे मांडली जातात. तेलाने भरलेले मोठे यकृत पोसायला त्या खोलीत अन्न पुरत नाही, हे एक. आणि दाबापासून प्रथिने वाचवणारे जे रसायन माशांच्या अंगात असते, त्याचे प्रमाण या कुळात एका मर्यादेपुढे वाढू शकत नाही, हे दुसरे. तेव्हा गोळ्यांच्या मैदानात स्केटची अंडी शोधण्यात अर्थ नाही. पण २०१६ मध्ये भारताने दुसरा एक करार केला, बहुधातू सल्फाइडसाठी, १०,००० चौरस किलोमीटरचा, हिंदी महासागरातल्या पर्वतरांगांवर. २०२५ मध्ये कार्ल्सबर्ग पर्वतरांगेसाठी आणखी एक झाला. सल्फाइड म्हणजे त्याच धुरांड्यांनी साठवलेला धातू. या रांगांचे माथे पुष्कळ ठिकाणी ३,००० मीटरच्या वर आहेत. खनिजाची जागा आणि बाळंतिणीची खोली एकच असण्याची शक्यता इथे खरी आहे.

मी देवळाली प्रवरेत राहतो. इथून समुद्र कुठल्याही दिशेला जवळ नाही, आणि बाजाराला येणाऱ्या सुकट-बोंबलापलीकडे समुद्राची ओळख नाही. तरीही या प्रश्नाची एक बाजू आमच्या भागाला चांगली ठाऊक आहे. प्रवरेवर भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून डावा आणि उजवा कालवा निघाला. कोरडवाहू मुलखात ऊस उभा राहिला, कारखाने आले, घरे पक्की झाली. या पाण्याचे उपकार कोणी नाकारू नये. पण पाणी आणताना ते कुठे जाईल याची मोजणी झाली होती, कुठे साचेल याची झाली नव्हती. काळ्या भारी जमिनीत निचरा मंद. उसाला मोकाट पाणी. भूजल वर वर येत गेले, आणि उन्हाने पाणी उडून गेले की क्षार पृष्ठभागावर राहिले. जमिनीला मीठ फुटले. कुठे उपळट झाली, कुठे चोपण. ज्या वावरात बैल गुडघाभर रुततो आणि वरून पांढरा थर चमकतो, तिथे पुढे चर खोदावे लागले, जिप्सम टाकावे लागले, आणि तरीही सगळी जमीन परत आली नाही. निचऱ्याचा प्रश्न अवघड नव्हता. तो वेळेवर कोणी मांडला नाही एवढेच. आराखडा करणाऱ्यांच्या यादीत पाण्याचे क्युसेक होते, मातीची खोली नव्हती.

समुद्रातही प्रश्न यादीचाच आहे. खाणीच्या शोधासाठी तळावर फिरणारा कॅमेरा सगळे काही टिपतो. त्याच्या चौकटीत दगड येतो, तसा दगडाला टेकलेला चामड्याचा चौकोनही येतो. पण अहवालात उतरते ते विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर: धातू किती, उतार किती, तळ कठीण की मऊ. चित्रफीत मग साठ्यात जाते. जमिनीवर एखादे गाव उठवायचे तर निदान गावकरी बोलतात, मोर्चा काढतात. चार वर्षे अंधारात शेपटी हलवणाऱ्या गर्भाच्या वतीने ते चित्रच काय ते बोलेल, आणि तेही कोणी त्या नजरेने पाहिले तर. नुसता कायदा पुरत नाही, हेही दिसते आहे. बेरिंग समुद्रात स्केटच्या अंड्यांच्या सहा जागा २०१५ मध्ये विशेष अधिवास म्हणून नोंदल्या गेल्या, पण मासेमारीवर बंधन आले नाही. तरी त्या जागा निदान नकाशावर आहेत. वाद घालायला काहीतरी हातात आहे.

म्हणून मागणी साधी आहे. सल्फाइडच्या शोधात जाणाऱ्या प्रत्येक मोहिमेत ३,००० मीटरच्या वरच्या भागात अंड्यांची नोंद सक्तीची असावी: कुठे, किती, पाण्याचे तापमान काय, रिकामी की भरलेली. एका फेरीने भागणार नाही. अंडे फुटायला चार वर्षे लागत असतील, तर त्याच जागी किमान तेवढी वर्षे परत जावे लागेल. आधीच्या मोहिमांच्या चित्रफिती प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना खुल्या कराव्यात. कोचीपासून वर्सोव्यापर्यंत मत्स्यशास्त्राच्या संस्था आहेत आणि तिथल्या मुलांकडे हे पाहणारे डोळे आहेत. लागणारी उपकरणे यंत्रावर आजच बसवलेली आहेत, लेझरचे दोन ठिपके, तापमापक, कॅमेरा. जहाजावरच्या त्या खोलीत, पडद्यासमोर, खनिजतज्ज्ञाच्या शेजारी एक खुर्ची मासे ओळखणाऱ्या माणसाची हवी. आणि यंत्र थांबव, मागे वळव असे सांगण्याचा अधिकार त्या खुर्चीला करारात लिहून दिलेला हवा.