खोट्या गोष्टीचा खरा धाक

टॉम मूर हा आयरिश दिग्दर्शक कुटुंबासोबत डिंगलच्या किनाऱ्यावर सुट्टीला गेला होता. तिथे वाळूत त्याला मारून टाकलेले सील दिसले. घरमालकीणबाईंनी सांगितलं, मासळी घटली की मच्छीमार सीलवर राग काढतात. पूर्वी असं झालं नसतं, कारण समुद्रात गेलेल्या माणसांचे आत्मे सीलमध्ये राहतात असं लोक मानायचे. या अनुभवातून २०१४चा 'साँग ऑफ द सी' हा अॅनिमेशनपट उभा राहिला. त्यातली न बोलणारी छोटी सर्शा ही सेल्की आहे. कातडं पांघरलं की सील, उतरवलं की माणूस.

सिनेमा गोड आहे, घरच्या सगळ्यांनी बसून बघावा असा. त्यामागचा प्रश्न मात्र अवघड आहे. सीलमध्ये माणसाचा आत्मा नसतो, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. मग ज्या चुकीच्या समजुतीमुळे सील वाचत होते ती गेली, हे बरं झालं की वाईट?

आपल्याकडेही हा प्रश्न आहेच. महाराष्ट्रात नदी, विहीर, डोह यांच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड दिसतात, त्या साती आसरा. अप्सरांचाच हा बोलीतला अवतार. त्यांचा कोप नको म्हणून डोहात उतरताना माणूस दबकायचा. देवराईतली फांदीही अशाच धाकाने कुणी तोडत नसे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा देवाच्या नावावर राखलेलं जुनं रान अनेक ठिकाणी उभं होतं.

खराडीत आम्ही मुळा-मुठेला घाबरत नाही. फ्लॅटच्या जाहिरातीत ती 'रिव्हर व्ह्यू' असते, खिडकी उघडली की वास असतो, पाण्यावर जलपर्णी. सांडपाण्याचे नियम आहेत, पण नियम मोडताना कुणाचाही हात थरथरत नाही.

मग आसरांना परत बोलवायचं का? बाईच्या आजारपणाचं खापर याच आसरांवर फुटतं आणि डॉक्टरआधी देवऋषी गाठला जातो. अशा गोष्टींविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा याच पुण्यात २० ऑगस्ट २०१३ला खून झाला. धाकाने नदी राखायची तर त्या धाकाची किंमत बहुतेक वेळा बायकाच मोजतात.

मला वाटतं, समजूत आणि गोष्ट यांत फरक करायला हवा. समजूत म्हणते, 'मान, नाहीतर कोप होईल.' गोष्ट म्हणते, 'घटकाभर धरून चाल, तिथे कुणीतरी आहे.' सर्शाला भेटलेलं मूल सेल्की खऱ्या असतात असं मानणार नाही. तरी सीलवर दगड उचलताना त्याला ती आठवेल.

आठवण धाकापेक्षा दुबळी असते, हे खरं. रात्री कुणी बघत नसताना कचऱ्याची पिशवी पुलावरून फेकणाऱ्याला धाकच थांबवू शकला असता. पण धाकाने राखलेली नदी धाक ओसरला की संपते, हे आपण पाहिलंय. आठवणीचं तसं नाही, ती दर पिढीला नव्याने देता येते. त्यासाठी पोरांना साती आसरांची गोष्ट सांगावी लागेल, आणि ती गोष्ट आहे हेही सांगावं लागेल.